हद्दीवरचा कचरा

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: सकाळ. शहराच्या कडेचा एक रस्ता. रिकाम्या प्लॉटच्या कुंपणाला टेकून पडलेल्या पिशव्या, त्यात तोंड घालणारी गाय.]

बेळगावात कचरा कुठं साचतो हे बघायचं असेल, तर कुणाच्या दारात जाऊ नका. दारं स्वच्छ असतात. सडा पडलेला असतो, रांगोळी काढलेली असते. दोन घरांमधला बोळ बघा, जिथली भिंत कुणाची यावर अजून वाद चालू आहे. ज्याचा मालक पुण्यात असतो तो प्लॉट बघा. दोन वॉर्डांच्या मधला कोपरा बघा, नाल्यावरचा पूल बघा. आणि महापालिका संपून पंचायत सुरू होते तो रस्ता तर बघाच.

कचरा हद्दीवर साचतो. आणि हद्दींचं म्हणाल तर या शहराला त्यांचा तोटा नाही.

[दृश्य: नकाशा. एकेक भाग रंगत जातो.]

मधोमध महापालिका, अठ्ठावन्न वॉर्डांची. तिला खेटून कॅम्प, तिथला कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. बाहेरच्या अंगाला हिंडलगा, कंग्राळी अशी गावं. हिंडलग्याच्या रस्त्यानं सुळगा, तुरमुरी, बाची करत पुढं गेलं की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका आणि महाराष्ट्र. प्रत्येकाची कचऱ्याची गाडी वेगळी, माणसं वेगळी, येण्याची वेळ वेगळी. पिशवी तेवढी स्कूटरच्या हुकाला अडकून कुठल्याही हद्दीत जाते.

[दृश्य: वडगावातली गल्ली. मागाचा खडखडाट. त्यावर चढत येणारा गाडीचा भोंगा.]

गाडी आली की भोंग्यावर कानडीत 'हसि कस, ओण कस', म्हणजे ओला कचरा, सुका कचरा, चालू होतं. भाषेवरून इथं काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण या हाळीला मराठी घरातली बाई चुलीवरचं दूध तसंच ठेवून बादली घेऊन पळत येते. अडचण हाळीची नाही. अडचण बादलीची, ती एकच असते.

[दृश्य: जवळून. बादली, हातमोजे घातलेला हात. मूळ आवाज.]

"आक्का, ह्यात काय काय घातलंय?"
"कालची आमटी हाय, भात हाय. वरचं ते सुकं."
"मग वरचं काढून द्या की ओ. मी कुठं बोटं घालू?"

[दृश्य: बादलीतून निघालेली दुधाची पिशवी. तिच्यावरून ओघळणारी आमटी.]

ही दुधाची पिशवी नीट बघा. कापून, विसळून, दोरीवर वाळत घातली असती तर भंगारवाल्यानं ती वजनावर घेतली असती. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक चांगलं असतं, वितळवून त्याचे पुन्हा दाणे होतात. आमटी लागली की तिला कुणी हात लावत नाही, कारण ती धुवायचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त. आणि तो कापलेला कोपरा! तो चिमुकला तुकडा कुणालाच वेचता येत नाही, तो गटारातच जातो. पिशवी कापताना कोपरा पुरता तोडायचा नाही, थोडा लटकत ठेवायचा. एवढं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण कायद्याहून उपयोगाचं आहे.

कायद्यात आहे ते असं. देशाचे घनकचऱ्याचे नियम २०१६ साली आले. कचरा घरातच तीन ठिकाणी वेगळा करायचा: ओला, सुका आणि घरातला घातक. १ एप्रिल २०२६ पासून नवे नियम लागू झाले आणि तिनाचे चार झाले. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. सॅनिटरीत डायपर आणि पॅड. ते गुंडाळून वेगळेच द्यायचे, कारण नाहीतर ते उघड्यावर कुणाच्या तरी हाताला लागतात. विशेष काळजीच्या कचऱ्यात रंगाचे डबे, बल्ब, ट्यूबलाइट, पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेली औषधं.

[दृश्य: वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ब्लेड. वर पेनानं मारलेली फुली.]

ब्लेड आणि फुटकी काच कागदात गुंडाळून वर खूण करून द्यावी. हातमोजा रबराचा असतो, लोखंडाचा नसतो.

या नियमांचं पत्रक हातात पडतं ते बहुतेक वेळा कानडीत. ओला-सुका कळायला पत्रक लागत नाही, पण ट्यूबलाइट कुणाला द्यायची आणि औषधाची बाटली कशात घालायची हे मात्र वाचूनच कळतं. ज्या म्हातारीनं सगळं आयुष्य मराठी वाचलं, तिच्या हातात ते मराठीत पडलं तर महापालिकेचं काय बिघडणार आहे? काम महापालिकेचंच सोपं होईल.

[दृश्य: चहाची टपरी. चार-पाच जण.]

आता नेहमीचं उत्तर. वेगळं करून काय उपयोग, गाडीत सगळं एकत्रच करतात. टपरीवर विचारा, कट्ट्यावर विचारा, हेच ऐकायला मिळेल. ते खोटं नाही. मधली फळी नसलेली गाडी आली तर दोन बादल्यांचं एका क्षणात एक होतं, आणि ज्या बाईनं रोज वेगळं केलं तिचा जीव तुटतो. पण याची दुसरी बाजूही बघा. गल्लीतल्या तीस घरांतल्या पाचांनीच वेगळं दिलं तर तो कामगार पाच घरांसाठी कप्पा कुठून राखणार? फळी लावणं महापालिकेचं काम, आणि फळी लागल्यावर तिच्या दोन्ही बाजू भरणं गल्लीचं. यात आधी कुणी सुरुवात करायची, यावर वाद घालत बसायला आपल्याला फार आवडतं.

[दृश्य: पहाट. झाडू मारणाऱ्या बायका. परावर्तक पट्ट्यांची जाकिटं.]

कर्नाटकात यांना पौरकार्मिक म्हणतात. २३ सप्टेंबरला त्यांचा दिवस साजरा होतो, शाल-हार-फोटो होतात. २४ तारखेला आमटीत भिजलेली पिशवी असतेच.

[दृश्य: दुपार. भाड्याच्या खोल्यांची इमारत. जिन्याखाली बांधून ठेवलेल्या पिशव्या.]

ओल्या-सुक्याची जाहिरात पुष्कळ झाली. खरा घोळ होतो तो वेळेचा. गाडी सकाळी येते. त्या वेळी कॉलेजचा मुलगा झोपलेला असतो, नवराबायको दोघं कामावर निघालेले असतात, रात्रपाळी करून आलेला मागवाला डोळे मिटून पडलेला असतो. पिशवी घरात राहते. दुसऱ्या दिवशी तिला वास सुटतो. तिसऱ्या रात्री ती स्कूटरवर बसते.

आणि इथंच वेगळं करण्याचा खरा फायदा आहे, जो कुणी सांगत नाही. वास येतो तो ओल्याला. सुका कोरडा असेल तर पोत्यात पंधरा दिवस पडून राहिला तरी कुणाचं काही जात नाही. ओला तेवढा रोजचा, आणि दोन माणसांच्या घरात तो असून असून किती असणार? कुंडीत, झाडाच्या बुडात, झाकणाच्या बादलीत पाचोळ्याचा थर देऊन जिरवता येतो. गाडी चुकली म्हणून हद्दीपर्यंत जायची वेळ येते ती फक्त दोन्ही एकाच पिशवीत असल्यावर.

[दृश्य: रात्र. शहर संपतं तो रस्ता. स्कूटर थांबते, पिशवी पडते, स्कूटर निघून जाते. चेहरा दिसत नाही.]

ही हद्द. अलीकडं महापालिका, पलीकडं पंचायत. सकाळी दोघांपैकी कुणीही आलं तरी ढिगाकडं बघून म्हणतं, हे आमचं नव्हे. हिंडलगा किंवा कंग्राळी पाहिली तर अपार्टमेंट, हॉटेलं, क्लासेस, सगळं शहरासारखं. जनगणनेनं त्यांची नोंद शहर म्हणूनच केली होती. राहणीमान शहराचं, कचरा शहराचा, आणि तो उचलायला हाताशी असते पंचायतीची यंत्रणा.

तरी पंचायती काहीच करत नाहीत असं नव्हे. ग्रामीण भागासाठी कर्नाटकानं २०२० साली वेगळं धोरण आणलं.

[दृश्य: गावातला रस्ता. गाडीच्या स्टिअरिंगवर साडी नेसलेली बाई.]

गावोगाव सुक्या कचऱ्याच्या शेड उभ्या राहिल्या. गाडीला म्हणतात स्वच्छ वाहिनी. ती चालवायला बचत गटातल्या बायकांना शिकवलं, लायसन काढून दिलं. ज्या गावात बाईनं सायकल चालवली तरी लोक वळून बघत, तिथं आता ती गाडी मागं घेताना पोरं आरशात बघून हात करतात.

मात्र शेड बांधली म्हणजे ढीग हलतोच असं नाही. कुठं भंगारवाल्याशी दर जुळत नाही, कुठं गाडी उभीच राहते. मग कुणीतरी काडी लावतं. ही सवय गावातली तशी शहरातलीही, पानगळीच्या दिवसांत तर गल्लीच्या टोकाला रोज धूर. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घातली. साध्या जाळण्याला ५ हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५ हजार. प्लास्टिकचा धूर शेजाऱ्याच्या नाकात जातो, आणि शेजारी बहुतेक वेळा गप्प बसतो. रोजचा संबंध असतो ना.

[दृश्य: मिठाईचं दुकान. कुंद्याची खोकी.]

प्लास्टिकचंही हद्दीसारखंच आहे. कर्नाटकानं पिशव्यांवर बंदी आणली मार्च २०१६ मध्ये, महाराष्ट्रानं मार्च २०१८ मध्ये, आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या वस्तूंची बंदी सगळ्या देशात आली. थर्माकोलची ताटं आणि मखरं गेली, प्लास्टिकचे चमचे आणि स्ट्रॉ गेले. आणि एक गोष्ट फार कुणाच्या लक्षात येत नाही: मिठाईच्या खोक्यावर गुंडाळतात ती पारदर्शक पन्नीसुद्धा त्या यादीत आहे. पाहुण्यांना कुंदा न्यायचा तर खोकं दोऱ्यानं बांधून घ्या. आधी तसंच मिळायचं.

लग्न, बारसं, मंडळाचा महाप्रसाद: परवाना नसलेल्या जागी शंभरावर माणसं जमणार असतील तर कामाचे किमान तीन दिवस आधी महापालिकेला किंवा पंचायतीला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा, हा नियम २०१६ पासूनचा. मांडवाची परवानगी, पोलिसांची परवानगी, लाउडस्पीकरची परवानगी सगळे काढतात. ही चौथी कुणाच्या यादीत नसते.

[दृश्य: झरझर. निपाणीचा बाजार. खानापूरचा मलप्रभेवरचा पूल, कठड्यावर निर्माल्याची पिशवी.]

निपाणीला नगरपालिका, खानापूरला नगर पंचायत. नियम तेच, गाड्या कमी. पुलावरून नदीत पडणारं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पडतं, यावर भक्तांनीच एकदा विचार करावा.

[दृश्य: पाऊस. बळ्ळारी नाला. शहापूर-येळ्ळूर शिवारात पसरलेलं पाणी.]

पावसाळ्यात हिशोब चुकता होतो. शहरानं वर्षभर पुलावरून टाकलेलं बळ्ळारी नाला उचलतो आणि शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात नेऊन टाकतो. हे भाताचं रान आहे, इथल्या बासमतीचं नाव आहे. पाणी ओसरल्यावर शेतकरी आधी रोपं बघत नाही, आधी पिशव्या वेचतो.

[दृश्य: बेळगाव-वेंगुर्ला रस्ता. ताडपत्री बांधलेले डंपर. तुरमुरीची पाटी.]

आणि जे गाडीत पडतं, ते या रस्त्यानं जातं. तुरमुरी. शहराच्या कचऱ्याचा डेपो या गावाच्या नशिबी आला. ओल्याचे लांबच लांब ढीग लावतात. आतून ते इतके तापतात की खोरं घातलं की वाफ येते. ठराविक दिवसांनी उलटायचे, कुजले की चाळायचे, चाळणीखालून पडतं ते खत. हे सगळं पुस्तकात जसं आहे तसं होतं, फक्त ओला खरोखर ओलाच आला तर. त्यात काच, ब्लेड, पॅड, शॅम्पूच्या पुड्या आल्या की चाळणीवर उरतं तेच जास्त. पुड्या आणि वेफर्सची पाकिटं भंगारातही चालत नाहीत. ती वाळलेली असतील तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाऊ शकतात. भिजलेलं जळण कोण घेणार? आणि बेळगावचा पाऊस काय असतो ते सांगायला नको.

[दृश्य: शेताच्या बांधावरून डेपोकडं बघणारा कॅमेरा. घारी.]

तुरमुरीकरांचं गाऱ्हाणं जुनं आहे. वास, माश्या, ढिगातून झिरपून उतारानं येणारं काळं पाणी. शहराला हा कचरा दिसत नाही, त्यांना दुसरं काही दिसत नाही. डेपो हलवा म्हणावं तर हलवून कुठं? जिथं न्याल तिथं एक तुरमुरी असणारच. ढीग लहान करणं एवढाच मार्ग उरतो, आणि तो लहान होतो वडगावातल्या त्या बादलीपाशी.

[दृश्य: महापालिकेचं कर भरण्याचं केंद्र. रांग.]

नव्या नियमांत यासाठी एक चिमटा ठेवला आहे. वेगळा न केलेला कचरा डेपोत पुरायला पाठवला तर त्या महापालिकेला किंवा नगरपालिकेला जास्त शुल्क पडेल, इतकं की वेगळा करून नेणंच स्वस्त वाटावं. महापालिका ते स्वतःच्या खिशातून भरत नाही, तिला वेगळा खिसाच नाही. घरपट्टीबरोबर घनकचऱ्याचा उपकर आपणच भरतो. एप्रिलमध्ये पाच टक्के सूट मिळते म्हणून या रांगेत उभे राहाल, तेव्हा पावती घडी घालून खिशात टाकण्याआधी ती ओळ शोधा. आकडा बघा, आणि तुमच्या गल्लीत येणाऱ्या गाडीला मधली फळी आहे का, हे त्याच खिडकीवर विचारा.