एकाच तारखेला दोन मैदानं

(पहाट. तालमीचा हौदा. फावड्याचा आवाज.)

पहाटेचे साडेचार वाजलेत. कोल्हापुरातली एक तालीम. ही नुसती माती नाही हं, हिच्यात ताक गेलंय, तेल गेलंय, हळद, लिंबू, कापूर सगळं जिरलंय, आणि रोज फावड्यानं खालची वर करायची, वरची खाली, ते काम पोरांनीच करायचं, त्याला गडी लावत नाहीत. हा शॉट आम्ही जरा लांबवलाय, समजून घ्या, पण हळद सोडल्यावर बल्बच्या उजेडात तो पिवळा धुरळा उठतो ना, तेव्हा कॅमेरा बंद करायला हातच होत नाही.

कोपऱ्यात अंगाला माती चोळतोय तो बघा. बावीस वर्षांचा गडी. नाव सांगू नका म्हणाला, नाही सांगत. पहाटे माती, संध्याकाळी दुकानगाळ्यांच्या वरच्या पत्र्याच्या जिममध्ये मॅट. मागच्या महिन्यात त्याला एका एमएमए प्रमोशनचा कागद आलाय. एमएमए म्हणजे कुस्ती, बुक्की, लाथ सगळं चालणारी फाईट. प्रमोशन म्हणजे बढती नव्हे, फाईट भरवणारी कंपनी. त्या कागदाकडं परत येतोच.

(देवळाचा कट्टा. जत्रा कमिटी. चहाचे कप.)

करवीर तालुक्यातलं गाव. कमिटी बसलीय, विषय एकच, शेजारच्या गावानं नेमकं ह्यांच्याच तारखेला कुस्त्यांचं मैदान धरलंय. आणि त्यांचा फ्लेक्स आधी लागलाय, नंबर एकच्या कुस्तीला असा पैलवान आणलाय की ज्याला बघायला चार तालुक्यांतनं गाड्या भरून येतील. ह्यांच्याकडं तेवढा पैसा नाही. एक तरणाबांड मेंबर म्हणतोय, "कर्ज काढू, पण त्याच्यापेक्षा मोठा आणू." म्हातारा खजिनदार नुसता सुपारी कातरतोय.

ह्या बैठकीला इथंच थांबवू आणि जरा अमेरिकेला जाऊन येऊ, कारण हाच घोळ तिथं 2008 ला झाला होता.

अफ्लिक्शन नावाची कंपनी, मूळ धंदा टीशर्टचा. त्यांना वाटलं आपण यूएफसीला, म्हणजे एमएमएतल्या सगळ्यात मोठ्या कंपनीला, टक्कर देऊ. पैसा ओतला, फेडोर एमेलियानेन्को आणला, म्हणजे त्या काळातला हेवीवेटचा बाप माणूस. 19 जुलै 2008, अनाहाइम. फेडोरनं टिम सिल्व्हियाला 36 सेकंदात लोळवला. आता यूएफसीनं काय केलं? त्याच रात्री टीव्हीवर फुकट कार्ड, म्हणजे फाईटींचा अख्खा कार्यक्रम, लावलं, आणि मिडलवेटचा चॅम्पियन अँडरसन सिल्व्हा वरच्या वजनात उतरवला. तिकडं पैसे देऊन बघायचं, इकडं घरबसल्या फुकट. अफ्लिक्शनचा दुसरा शो कसाबसा झाला, तिसऱ्याला फेडोरसमोरचा गडी ड्रग टेस्टमध्ये सापडला आणि आठवड्यावर आलेला शो रद्द. आणि टीशर्टवाले परत यूएफसीचेच स्पॉन्सर झाले. नाद खुळा.

एका मोठ्या नावावर सगळं मैदान उभं केलं की ते नाव पडल्यावर मैदान पण पडतं, जत्रेतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

(जुनी क्लिप. पिंजरा.)

यूएफसी तरी कुठं पहिल्यापासून एवढी होती. 1993 ला डेन्व्हरमध्ये सुरू झाली, आणि 2001 ला फर्टिटा भावांनी, म्हणजे कॅसिनोवाल्यांनी, ती फक्त 20 लाख डॉलरला उचलली आणि डेना व्हाइटला तिचा साहेब केला. पुढची तीन-चार वर्षं नुसतं नुकसान. मग 2005 ला त्यांनी एक रिॲलिटी शो काढला, सोळा पोरं एका घरात ठेवायची, भांडू द्यायचं, आणि हे चॅनेलला एवढं पटेना की शो बनवायचा खर्च कंपनीनंच केला. फायनलला फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बोनर. तीन राउंड दोघं नुसते एकमेकांना हाणतायत, टेक्निकच्या नावानं बोंब, पण लोक जागचे हलले नाहीत. पब्लिकला आधी पोरगं ओळखीचं करून दिलं, मग त्याची फाईट दाखवली, गंमत एवढीच. आपल्याकडं निवेदक माईकवरनं पैलवानाचं गाव, वस्ताद, घरची जमीन किती इथपर्यंत सांगतो ते काय उगाच?

आणि मग खरेदी सुरू. 2006 ला डब्ल्यूईसी, 2007 ला जपानची प्राइड, 2011 ला स्ट्राइकफोर्स. जो वर डोकं काढेल तो विकत घ्यायचा, त्याचे फायटर आपल्याकडं. 2016 ला तीच कंपनी 400 कोटी डॉलरच्या आसपास विकली.

मग टिकलं कोण? ज्यांनी यूएफसीची नक्कल केली नाही ते. सिंगापूरची वन चॅम्पियनशिप 2011 ला आली, तिनं आशिया धरला, नियम वेगळे ठेवले, पाणी तोडून वजन उतरवायचं बंद केलं, त्याच मॅटवर किकबॉक्सिंग, मुए थाय पण लावलं. आपली रितू फोगाट 2019 ला कुस्ती सोडून तिथंच गेली. अमेरिकेत पीएफएल नावाची कंपनी, 2018 पासून त्यांनी सरळ सीझन चालू केला, लीगसारखं, पॉइंट, प्लेऑफ, आणि शेवटी जिंकणाऱ्याला 10 लाख डॉलर. म्हणजे पुढची फाईट कुणाला द्यायची हे साहेबाच्या मर्जीवर नाही, जिंकलास की पुढं. माझ्या मते ह्या धंद्यातली ही सगळ्यात कुस्तीवाली आयडिया. पुढं 2023 ला त्यांनी बेलाटोर ही दुसरी कंपनी विकत घेतली, आणि 2025 ला स्वतःचा सीझन मोडून सरळ नॉकआउट केलं, असो. आणि 2018 चीच अजून एक, यूएफसीनं आपला फायटर डिमिट्रियस जॉन्सन वनकडं सोडला आणि बदल्यात त्यांचा बेन आस्क्रेन घेतला. सरळ अदलाबदली! दोन तालमींच्या वस्तादांनी चहावर बसून जोड ठरवावी तसं.

(परत कट्टा.)

चला गावात. कमिटीत अजून तोच वाद. शेवटी खजिनदार अडकित्ता खाली ठेवून म्हणाला, "नंबर एक त्यांची त्यांना लखलाभ. आपण पन्नास जोडी आपल्या पंचक्रोशीच्या पोरांच्या लावायच्या, निकाली. बरोबरीत सोडली तर इनाम नाही. आणि मैदान दोन तास आधी चालू." म्हणजे काय, तर प्रत्येक पोरामागं त्याची भावकी येणार, दोस्त येणार, चुलता बुलेटवर मामाला घेऊन येणार, आणि मोठी कुस्ती बघायला जाणारी गर्दी आधी इथं थांबणार. डेना व्हाइटला सुचलं नसतं.

मग दुसऱ्या दिवसापासून जोड लावायचं काम. हे बघण्यासारखं असतं. पोरं ओळीनं उभी, पंच एकेकाला समोर आणतो, खांदा बघतो, मांडी दाबून बघतो, कान मोडलाय का बघतो, कान मोडलेला असला की म्हणतो "हा लई खेळलाय, त्याच्यासमोर नको." दोघांचे वस्ताद तयार पाहिजेत. एकजण हात मागं घेतो, जोड मोडते, परत नवीन. दीड तासात अकरा जोडी. पैशाचं बोलणं चालू झालं की आम्हाला कॅमेरा खाली ठेवायला लावला, तेवढं ह्या व्हिडिओत नाही.

(ड्रोन. खासबाग.)

हे खासबाग, कोल्हापूरचं कुस्तीचं मैदान. शाहू महाराजांनी बांधलं, 1912 ला सुरू झालं. वरनं बघा, परातीसारखं, मधे हौदा आणि चहूबाजूनं चढ, कुठंही बसा, समोरच्याचं डोकं आडवं येत नाही. हे शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह, 2024 च्या आगीत जळालं ते. एवढ्या जुन्या कुस्तीच्या राज्यात पण दोन दुकानं होतात, 2023 च्या नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, एक पुण्याजवळ फुलगावला, एक धाराशिवला. दोन संघटना, दोन गदा. लोकांनी नावं ठेवली, पण पैलवानांना विचाराल तर एकाला दोन मैदानं झाली की भाव वाढतो.

एमएमएमध्ये तोच भाव अडतो. करार एकाच कंपनीशी, चॅम्पियन झालास की तो आपोआप लांबतो. ह्याच्यावर फायटरांनी 2014 ला केस टाकली, यूएफसीनं शेवटी 37.5 कोटी डॉलर मोजून मिटवली. पुढं.

भारतात पण झालंय की. 2012 ला सुपर फाईट लीग आली, मोठी नावं, लाईट, गाणी, आणि थंड पडली. 2019 पासून टायगर श्रॉफच्या फॅमिलीचं मॅट्रिक्स फाईट नाईट. पूजा तोमर तिथली चॅम्पियन, 2024 च्या जूनमध्ये यूएफसीत फाईट जिंकणारी पहिली भारतीय महिला झाली.

(तालीम. दुपार.)

हा तो कागद. अकरा पानं, सगळी इंग्लिश. पोरानं चौथ्या पानावर पेननं गोल केलाय, तिथं लिहिलंय की करार असेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही स्पर्धेत उतरायचं नाही. जिमच्या कोचनं वाचून सांगितलं.

पोरगं वस्तादांना विचारतंय, "जत्रेतली कुस्ती धरत्यात काय ह्यात?"

वस्तादांनी चष्मा लावला, पान पालथं करून बघितलं, परत सुलटं केलं. "जत्रा कधी हाय?"

"पुढच्या मंगळवारी."

"मग बुधवारी सही कर."

(हलगी.)