वाट्या वाजतात त्या घरी

(फ्रिजची घरघर)

शहापूर, बेळगाव. कॉम्प्रेसर सुरू झाला की या स्वयंपाकघरात फडताळातल्या वाट्यासुद्धा वाजायला लागतात. घरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं, फ्रिज गेला.

(फरशी, जवळून)

ही शहाबादी. गुलबर्ग्याकडच्या शहाबादचा चुनखडी दगड, हातानं घडवलेला. एक लादी दुसरीसारखी नाही. शहापूर सांगली संस्थानात होतं, त्या काळातलं हे घर. तेव्हाच्या गवंड्यानं मोरीकडं मुद्दाम उतार काढला. घागर उपडी करा, पाणी स्वतःच वाट धरतं. बघा, आजही. असा उतार आताच्या टाईल्सवाल्यांकडून काढून दाखवावा कुणी! पण त्या गवंड्याच्या डोक्यात फ्रिज नव्हता.

मेकॅनिकच्या आधी आले गवंडीमामा.

"फ्रिजला काय धाड भरल्या? फरशी बघा की आधी."

फ्रिजच्या माथ्यावर पाणसळ, म्हणजे पातळी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, आडवी ठेवली. बुडबुडा पळाला डावीकडं. तो जातो ती बाजू उंच. म्हणजे उजवी, मोरीकडची, बसलेली. तिथं पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. बेळगावच्या पावसाळ्यात ओल धरून तिचा पापड झालेला. मामांनी ती उपसून मोरीत भिरकावली.

"वैनी, जरा मागं रेटून धरा."

पुढचा भार उचलला की पाय बोटांनीही फिरतो. आट्यांचा असतो तो. जितका खाली उतरेल तितका कोपरा वर. पाव फेरा. पाणसळ. परत पाव फेरा. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये येईपर्यंत मामा बोलत नाहीत.

आता पाणसळ पुढून मागं. इथं मात्र बुडबुडा मधोमध नको, किंचित पुढं हवा. म्हणून दोन्ही पुढचे पाय सारखेच, थोडे आणखी उतरवले. पुढची बाजू जराशी उंच राहिली की दार आपल्या वजनानं मिटतं. शेवटी तिरके समोरासमोरचे कोपरे दाबून पाहिले. डुगडुग नाही.

दार नीट टेकलं नाही तर दमट हवा आत शिरते, बर्फ साचतो, विजेचं बिल वाढतं.

मामांनी दार अर्धं उघडून हात सोडला.

(दार मिटतं. फडताळातल्या वाट्या गप्प. कॉम्प्रेसर चालू.)