वरचं पाणी नितळ, खालचं गढूळ

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते गावाच्या वरच्या अंगाला जो तलाव असतो ना त्याच्या मातीच्या भिंतीबद्दल. कुणी पाझर तलाव म्हणतं, कुणी साठवण तलाव, आमच्या मराठवाड्यात तर सरळ धरणच म्हणतात, मग ते दोन पुरुष उंच का असेना. ७२च्या दुष्काळात यातले कितीतरी बांध आपल्याच आईबापांनी डोक्यावर घमेली वाहून घातलेत, तेव्हा हा विषय सरकारी वाटत असला तरी घरचाच आहे.

तर पहिली गोष्ट. मातीचा बांध म्हणजे नुसता मातीचा ढीग नसतो. आत मधोमध काळी माती असते चिक्कण, तिला गाभा म्हणतात, तिच्या दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, आणि मागच्या बाजूला पायथ्याशी दगडांची रास, तिला आम्ही रॉक टो म्हणायचो. त्या राशीतून पाणी झिरपतं आणि झिरपणारच, न झिरपणारा मातीचा बांध मी तरी नोकरीच्या तीस वर्षांत पाहिला नाही. म्हणून बांधातून पाणी दिसलं की लगेच बोंब मारायची गरज नाही. फक्त एकच बघायचं, पाणी आलं तर चालेल, माती येता कामा नये. पुन्हा सांगतो, लिहून घेणाऱ्यांनी घ्या, पाणी आलं तर चालेल, माती येता कामा नये.

हे मला इंजिनिअरिंगच्या पुस्तकाने शिकवलं होतं पण कळलं एका आजीमुळे, ती हकिगत आता सांगतो.

१९८८ साल. त्या वर्षी पाऊस दणकून होता. मी कनिष्ठ अभियंता, नवीन, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि माझ्याकडे एक छोटा सिंचन तलाव. गणपती बसलेले. तलाव काठोकाठ भरून सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवरून, पाणी वाहून गेलेलं आणि मग तीन दिवस चांगली उघडीप. मी गावात चौकीदाराच्या ओसरीवर मस्टर तपासत बसलोय, तर एक आजी आली, बांधाखालच्या ओढ्यावर धुणं धुणारी, हातात ओलं धोतर. म्हणाली, साहेब हे बघा, तीनदा आपटलं तरी पिवळं निघायलंय. मी मान वर न करता म्हणालो, आजी पावसाळ्यात पाणी गढूळच असणार. (आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा साहेबाने मान वर न करणं यालाच साहेबपणा म्हणायचे, अजूनही काही ऑफिसात म्हणतात, असो.)

आजी गेली नाही. उंबऱ्याशी टेकली आणि म्हणाली, "साहेब, तीन रोज झाले पाऊस न्हाई. तळ्यातलं वरचं पाणी नितळ हाय, खालचं गढूळ, मग मधी ही माती कुठून यायली?"

मंडळी, माझ्या हातातलं पेन थांबलं. चार वर्षं कॉलेजात जे शिकलो ते बाईने एका वाक्यात विचारलं. वरचं नितळ, खालचं गढूळ, म्हणजे माती बांधाच्या पोटातून निघतेय.

मी राजदूत काढली, आजींना म्हणालो बसा मागे, त्या म्हणाल्या या फटफटीवर बसून मरायचं न्हाई मला. त्या चालत निघाल्या आणि माझ्या आधी पोचल्या, कारण माझी गाडी पांदीत रुतली. बघतो तर पायथ्यापासून पंधरा-वीस फुटांवर, आजींचा धुण्याचा दगड होता तिथेच, दगडाला लागून जमिनीतून पाणी उसळतंय, चुलीवर आधण यावं तसं, आणि भोवती बारीक मातीचं गोल कडं, मुंग्यांच्या बिळाभोवती असतं ना अगदी तसं. त्या कड्याची माती म्हणजे बांधाची आणि बांधाच्या पायाची माती. एकेक कण पाणी घेऊन जातं, भोक पडतं, ते भोक खालून वर तलावाकडे कुरतडत जातं आणि ज्या दिवशी ते पाण्याला भिडतं त्या दिवशी काही तासांत सगळं संपतं.

चौकीदार नाना पळत गावात गेले आणि गणपतीच्या मांडवातला भोंगा हातात घेऊन आरती थांबवून ओरडले, तळं फुटायलंय! तसं बोलायला नको होतं खरं, अर्धं गाव कपडे-भांडी गोळा करून टेकाडावर गेलं आणि उरलेलं अर्धं फावडी घेऊन बांधावर आलं. खालच्या वस्तीतली माणसं आणि जनावरं मात्र आम्ही मुद्दाम हलवली, ते बरंच झालं.

आता खरी गंमत. आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच, भोक बुजवा. कुणी काळी माती आणली, कुणी गोणपाट, एकाने तर घरची गादी आणली. मी आडवा झालो. बुजवायचं नाही! बोळा मारला की पाणी थांबत नाही, ते शेजारून फुटतं आणि आपल्याला दिसत नाही तिथून फुटतं. पाणी येऊ द्यायचं आणि माती अडवायची. लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले, तळं फुटतंय आणि साहेब म्हणतो पाणी येऊ द्या. मग आजीच म्हणाल्या, अरे च्याची गाळणी असतीया तसं, चोथा वर ऱ्हातो, च्या खाली येतो. झालं, सगळ्यांना कळलं.

गाळणी करायची म्हणजे आधी वाळू, वर बारीक खडी, वर मोठी खडी, वर दगड. पण वाळू कुठली? वाळू होती देवळासमोर, सभामंडपासाठी वर्गणी काढून आणलेली. सरपंच घुटमळले, देवाची वाळू आहे म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी मागून बोललं, देऊळ खालच्याच अंगाला आहे सरपंच. मग ट्रॅक्टर निघाला. गॅसबत्तीच्या उजेडात घमेल्यांची रांग लागली, बायका त्यात पुरुषांपेक्षा जास्त, उसळीभोवती पोत्यांचं कडं रचलं आणि आत थर टाकत गेलो.

दुसरं काम तलावातलं पाणी उतरवायचं. विमोचकाची, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या वाटेची, झडप उघडायला चावी लागते, लोखंडी, हातभर लांब. ती सापडेना. शेवटी रात्री अकराला एका गोठ्यात सापडली, बैल बांधायची मेख म्हणून ठोकली होती! झडपेला कित्येक वर्षं ग्रीस नव्हतं, चार गडी लटकले तेव्हा हलली. सकाळपर्यंत पाणी बोटभरच उतरलं असेल, पण पहाटे मी काचेच्या ग्लासात उसळीचं पाणी घेतलं, चहा होईपर्यंत ठेवला, तळाशी काही नाही. पाणी येत होतं, माती थांबली होती. पुढे आठ दिवस झडप उघडी ठेवली आणि रब्बीनंतर पक्कं काम केलं.

बरं, घड्याळ पळतंय, बाकीचं भराभर सांगतो.

तिवरे धरण आठवतंय ना, चिपळूण तालुक्यातलं, २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं. वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावाने आधी केलेली होती, आणि नंतर तेव्हाचे मंत्री म्हणाले खेकड्यांनी धरण फोडलं. खेकडा, घूस बांध पोखरतात हे खोटं नाही हो, पण बीळ दिसलं की बुजवायचं काम खेकड्याचं नसतं. आणि त्या आधीचं पानशेत, १२ जुलै १९६१, तिथे भराव खचत होता तर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, धरण वाचलं नाही पण फुटायला सकाळ झाली, उजेडात पुणेकरांना पळता तरी आलं.

२०२१ला धरण सुरक्षा कायदा आला, चांगला आहे, पण तो १५ मीटरच्या वरच्या धरणांना, आणि १० ते १५ मधल्या काहींना. तुमच्या गावचा बांध बहुतेक त्यात बसतच नाही. त्याच्याकडे तुम्हीच बघायचं.

बांधावर झाडं नकोत. गवत चालेल, बाभूळ, सुबाभूळ नको, मूळ कुजलं की तिथे नळी तयार. आणि ५ जूनला फोटोसाठी बांधावरच वृक्षारोपण करणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती, गावात जागा कमी आहे का? सांडव्यात पोती रचून पाणी वाढवू नका, माशाच्या ठेकेदाराला तिथे जाळी लावू देऊ नका, कारण मातीच्या बांधावरून एकदा पाणी वाहिलं की तो टिकत नाही. गाळ काढताना जेसीबी बांधाला भिडवू नका, भिंतीजवळचा गाळ म्हणजे तळाचं अस्तर असतं, तो राहू द्या. माथ्यावर लांब चीर दिसली, कुठे खचलं, नवीन ठिकाणी ओल आली, तर फोन करा, फोटो काढा, लेखी द्या. आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पायथ्याचं पाणी ग्लासात घेऊन बघा. पाणी आलं तर चालेल, माती येता कामा नये.

हां, आजींचं राहिलंच. सकाळी सगळे माझं कौतुक करत होते तर त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ते समदं ठीक हाय साहेब, माझा दगड कुठाय? दगड आमच्या गाळणीखाली चार फूट गाडला गेला होता आणि काढायची सोय नव्हती. मग पक्क्या कामाच्या एस्टिमेटमध्ये मी एक ओळ घातली, "सपाट काळा दगड, १ नग". ऑडिटवाल्याने दोनदा विचारलं हा कशासाठी. मी म्हणालो, धरणाच्या निरीक्षणासाठी.

नमस्कार.