पाकिटावरचे टक्के नेमके कशाचे?

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडून एकच प्रश्न विचारालेत: पाकिटामागच्या तक्त्यात शेवटी आरडीएचे, म्हणजे दिवसभरासाठी सांगितलेल्या मापाचे, टक्के असतात, ते कशाचे?

कॅलरी, प्रोटीन, साखर हे तुम्ही वाचताच, त्यात वेळ घालवत नाही. टक्के म्हणजे त्या दिवसभराच्या मापातला वाटा. एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, धरलेलं माप: 2000 किलोकॅलरी, एकूण फॅट 67 ग्रॅम, वरून घातलेली साखर 50 ग्रॅम, सोडियम 2000 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण 5 ग्रॅम मीठ.

आता हे फरसाण बघा. पाकीट 200 ग्रॅमचं. सोडियम 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम, आणि टक्के 12. एका दादांनी लिहिलंय, "बाराच टक्के हाय की, खाऊ द्या." अहो दादा, वरची बारीक अक्षरं वाचा. सर्व्ह साइज, म्हणजे कंपनीनं एका वेळच्या खाण्याचं धरलेलं माप, 30 ग्रॅम! ते 12 टक्के तेवढ्याचेच. हे बघा, काट्यावर 30 ग्रॅम मोजलं, आमटीची वाटीसुद्धा भरली नाही. चहाबरोबर गप्पा मारत अख्खं पाकीट संपलं तर 1600 मिलिग्रॅम, म्हणजे 80 टक्के. आमटी, लोणचं, पापड अजून बाकीच.

माझ्या सासऱ्यांना बीपी आहे. ताटात वरून मीठ घेणं त्यांनी कधीच सोडलं, पण संध्याकाळी हेच फरसाण. तक्ता मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा त्यांनी स्वतःच वाटी मागितली, पाकीट नाही.

दोन कंपन्यांचे टक्के शेजारी ठेवून "यात कमी आहे" म्हणू नका. एकीची सर्व्ह 20 ग्रॅमची, दुसरीची 30 ची, मग टक्के कमी दिसणारच! तुलना करायची ती 100 ग्रॅमच्या रकान्यावरून. याचा मला खरंच राग येतो, कारण आकडे खरे असूनही माणूस फसतो.

लहान मुलांच्या आयांनो, हे माप मोठ्या माणसाच्या 2000 किलोकॅलरीवर धरलंय. चार-पाच वर्षांच्या लेकराला दिवसाला त्याहून बरंच कमी लागतं. क्रीमच्या बिस्किटावर साखरेचे 20 टक्के दिसले, तर लेकराच्या दिवसात तो वाटा त्याहून मोठा.

शहापूरच्या एका ताई विचारतात, कुंद्यावर टक्के का नसतात? ताई, हा तक्ता बंद पाकिटांवर असतो, मिठाईवाल्याकडच्या सुट्या कुंद्यावर नाही.

आता स्वयंपाकघरातलं एक पाकीट काढा, सर्व्ह साइज आणि पाकिटाचं वजन दोन्ही कमेंटमध्ये लिहा. हिशेब मी करून देते.