चौरस फुटाला किती, हे सांगू नका : घराच्या नकाशाची फी ठरवताना

मित्रांनो, तुम्ही खानापूर, निपाणी, हुक्केरी अशा बेळगाव जिल्ह्याच्या सगळ्या बाजूंनी आला आहात. कोणी आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल, म्हणजे घराचे नकाशे काढायचा कोर्स केलाय, कोणी डिप्लोमा. बरेच जण दिवसा कुणाच्या तरी ऑफिसात बसतात आणि रात्री स्वतःची कामं काढतात. गिऱ्हाईकाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चौरस फुटाला किती घेता?" आपणही लगेच आकडा सांगून मोकळे होतो. माझं आज एकच मागणं आहे, तो आकडा सांगू नका. घर किती मोठं आहे यावर आपले कष्ट ठरत नाहीत.

२० बाय ३० ची साईट घ्या. जागा ६०० चौरस फूट. नियमाप्रमाणे बाजूने मोकळी जागा सोडली, की उरतं त्यात घर बसवायचं. मजल्याची उंची १० फूट आणि पायरीची ७ इंच धरली तर १७ पायऱ्या लागतात. वळणाचा जिना ३ फुटी घेतला तरी साठेक चौरस फूट गेले. शिवाय स्वयंपाकघर आग्नेयेला हवं, देवघर ईशान्येला हवं, सोप्यात पाव्हणे बसले पाहिजेत आणि पुढे बुलेट उभी राहिली पाहिजे. हे सगळं जुळेपर्यंत जिना चार ठिकाणी फिरवून बघावा लागतो. उलट शेतातल्या मोकळ्या जागेवरचं २,००० फुटांचं घर कधी कधी एका बैठकीत ठरतं. फुटावर दर लावला की अवघड कामाला कमी पैसे आणि सोप्या कामाला जास्त. गरिबाचं छोटं घर मग कोणी मन लावून करत नाही, आणि मला सगळ्यात जास्त त्याचं वाईट वाटतं.

मग फी काढायची कशी? तासावर. महिन्याला २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. त्यातले निम्मे तास फोनवर, जाण्यायेण्यात, झेरॉक्स-प्रिंटच्या दुकानात आणि नुसतं विचारून गेलेल्या लोकांशी बोलण्यात जातात. पैसे मिळतात ते १०० तासांचे. आता घरखर्च २०,००० धरा. लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअर, वीज, पेट्रोल, प्लॉटिंग (मोठ्या कागदावर नकाशा छापणं) यांचे ८,००० धरा. काम नसलेल्या महिन्यांसाठी बाजूला ७,००० ठेवा. झाले ३५,०००. भागिले १००, म्हणजे तासाला ३५० रुपये. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे तुम्ही घाला, पण घाला जरूर.

आता हाच हिशोब ३० बाय ४० च्या साईटवरच्या ८५० फुटांच्या घराला लावू. जागेवर जाऊन माप घ्यायला ४ तास, पहिल्या कच्च्या आराखड्याला ५, घरच्यांशी बोलण्यात ३, पक्की ड्रॉइंग काढायला १०, बदलांना ६. एकूण २८ तास. ३५० ने गुणलं तर ९,८०० रुपये. तेच फुटाला ५ रुपये सांगितले असते तर ४,२५० मिळाले असते, म्हणजे तासाला साधारण १५२. अशा दराने १०० तासांचे १५,२०० येतात. त्यातून धंद्याचे ८,००० वजा करा. हातात ७,२००. घर चालेल का त्यात?

"एवढे गावात कोण देणार?" असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, सगळे देणार नाहीत. अशा वेळी पैसे कमी करायचे तर कामही कमी करायचं. समोरच्याकडे ५,००० च असतील तर त्याला मंजुरीपुरता प्लॅन, एक एलिव्हेशन (घर समोरून कसं दिसेल ते) आणि एक सेक्शन (घर उभं कापलं तर आत कसं दिसेल ते) द्या. लायटीचा आणि पाण्याच्या पाइपांचा लेआउट नंतर, वेगळ्या पैशांत. तेच काम निम्म्या पैशांत केलंत, तर पुढच्या गिऱ्हाईकालाही निम्माच दर कळलेला असतो.

आता बदलांचं. आपले सगळ्यात जास्त तास इथेच जातात आणि त्यांचे पैसे कोणी मागत नाही. आपल्या भागातली बरीच मुलं फौजेत आहेत, बाकीची पुण्याला, मुंबईला, गोव्याला. घर बांधायचं गावात आणि मालक हजार मैलांवर. तो व्हॉट्सअपवर प्लॅन बघून "ठीक आहे" म्हणतो. मग गणपतीला सुट्टीवर येतो, पायाच्या आखणीवर उभा राहतो आणि खोली लहान वाटते. त्याचं चुकत नाही, कागदावरचे १० फूट आणि जमिनीवरचे १० फूट सारखे दिसत नाहीत. म्हणून आधीच सांगा, की घरातल्या कुणाला तरी अंगणात चुन्याने खोली आखून दाखवायला लावा आणि त्याचा फोटो मालकाला पाठवा. दोन भावांचं एकत्र घर असेल तर दोघांचीही सही घेतल्याशिवाय पक्कं ड्रॉइंग सुरू करू नका. वाटणीतला रुसवा शेवटी भिंतीच्या जागेवर निघतो आणि भिंत आपल्याला हलवावी लागते.

काम घेताना एक पानाचं पत्र द्या, मराठीत, साध्या भाषेत. किती ड्रॉइंग देणार, बदलाच्या दोन फेऱ्या फीमध्ये, तिसरीपासून तासाचे पैसे, साईटवर यायचं झालं तर प्रत्येक फेरीचे किती, हे सगळं त्यात असू द्या. पैसे तीन टप्प्यांत घ्या : सुरुवातीला ४० टक्के, आराखडा पसंत पडल्यावर ४०, शेवटची प्रिंट देताना २०. पूर्ण पैसे येईपर्यंत कॅडची फाइल, म्हणजे कॉम्प्युटरवरचं मूळ ड्रॉइंग, पाठवायची नाही.

आणखी एक काम आपण फुकट करतो. उतारा कन्नडमध्ये, पंचायतीचा अर्ज कन्नडमध्ये, घरातल्या म्हाताऱ्यांना तो वाचता येत नाही. मग आपण वाचून सांगतो, भरून देतो. माणुसकी म्हणून जरूर करा, पण त्यात अर्धा दिवस जात असेल तर तो पत्रात लिहा. चंदगड-गडहिंग्लजकडचं काम आलं तरी तसंच. तिकडे २०२० पासून महाराष्ट्राची एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे आणि आपल्याकडे कर्नाटकचे नियम. ते वाचायला वेळ लागतो आणि मंजुरीसाठी सही कुणाची चालते हेही आधी विचारावं लागतं.

आता फीपेक्षा मोठी गोष्ट. "तेवढा सळईचा तक्ता पण टाका, दोन हजार जास्त घ्या," असं मेस्त्री म्हणतो, म्हणजे पायात आणि कॉलममध्ये कुठे किती सळई घालायची तेही आपणच ठरवायचं. घेऊ नका. जांबोटी-कणकुंबीकडे जांभ्या मातीवर चाललेला पाया जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या काळ्या मातीत तसाच उचलून टाकता येत नाही. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घराला तडे जातात. कॉलम, फूटिंग, सळई हे स्ट्रक्चरल इंजिनियरचं काम. त्याची फी पत्रात वेगळ्या ओळीत लिहा आणि मालकाला ती थेट त्याला द्यायला सांगा. पाटीवर ड्राफ्ट्समन लिहा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसताना आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही.

समोरच्या दुकानात फुटाला २ रुपयांत प्लॅन मिळतो, हे ऐकावं लागेलच. तेव्हा वाद घालू नका. त्या २ रुपयांत किती ड्रॉइंग येतात आणि किती वेळा बदल करून मिळतात, एवढं गिऱ्हाईकाला तिथे विचारून यायला सांगा. काही जण परत येणार नाहीत. जे येतील त्यांच्यासमोर आपलं पत्र ठेवा आणि एकेक ओळ वाचून दाखवा.