विधिलिखिताची तालीम

(पडद्यावर: मल्लीचा चेहरा, अगदी जवळून. पावसाचा आवाज.)

हा चेहरा नीट बघून ठेवा. पुढची चार-पाच मिनिटं आपण त्याच्याच सोबतीने काढणार आहोत.

मल्ली. वय १९. सिनेमा सुरू होतो तेव्हा या चेहऱ्यावर फडकं बांधलेलं असतं आणि समोर तिच्याच सशस्त्र संघटनेचा एक फितूर. गोळी सुटते. फडकं उतरतं तेव्हा कळतं, अरे, ही तर पोर आहे.

१९९८ चा हा तमिळ सिनेमा. दिग्दर्शक संतोष सिवन, आणि कॅमेराही त्यांचाच. बाहेर तो ‘द टेररिस्ट’ म्हणून गेला. तमिळ नाव ‘तीविरवादी’. त्यात आपला ‘तीव्र’ शब्द सापडतो. आपण दहशतवादी म्हणतो तेव्हा त्या शब्दात भीती असते ती हल्ला सोसणाऱ्याची. तमिळ शब्दात धग आहे ती करणाऱ्याची. सिवन यांनी कॅमेरा त्या धगीशेजारी नेऊन ठेवलाय. पटो वा न पटो.

(पडद्यावर: श्रीपेरुंबुदूर. दुपारचं ऊन. खांबांच्या सावल्या.)

ही जागा सिनेमातली नाही. चेन्नईहून बंगळुरूला जाताना लागणारं श्रीपेरुंबुदूर. २१ मे १९९१ च्या रात्री प्रचारसभेला आलेल्या राजीव गांधींना हार घालायला एक तरुण बाई पुढे झाली, पाया पडायला वाकली, आणि कमरेच्या पट्ट्यातला बॉम्ब फुटला. तिथे फोटो काढणारा छायाचित्रकारही गेला, कॅमेरा मात्र शाबूत राहिला. आज इथे स्मारकाचे हे सात खांब उभे आहेत.

सिनेमाचं बीज इथलं. पण सिनेमात देशाचं नाव येत नाही, संघटनेचं नाही, आणि ज्याला मारायचं त्या नेत्याचंही नाही.

(पडद्यावर: तालमीची दृश्यं, सलग.)

आता हे बघा. पट्टा अंगाला बसतो का, ते पाहायचं. हार घालायचा. वाकायचं. बटण. पुन्हा एकदा. वाकताना घाई नको. पुन्हा.

मल्लीला सांगितलंय, तुझी निवड झाली. बऱ्याच जणींतून ही एक. तिने स्वतःहून नाव दिलंय, भाऊ याच लढ्यात गेलाय, आणि तिला याचा अभिमान आहे. मग ही निवड कुणाची म्हणायची? तिची, की निवडणाऱ्यांची?

आपल्याकडे सटवाई पाचवीला येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते. ते कुणाला वाचता येत नाही, खोडताही येत नाही. मल्लीच्या कपाळी लिहिणारी मात्र हाडामांसाची माणसं आहेत. ती तिला मापं घेऊन पट्टा बांधतात, तिच्याकडून घोटून घेतात. खरंच विधिलिखित असतं, तर रंगीत तालीम कशाला लागली असती?

(पडद्यावर: नदी. पुढे मुलगा, मागे मल्ली.)

हा लोटस. सुरुंग कुठे पेरलेत ते या पोराला पाठ आहे. त्याने जिथे पाऊल टाकलं तिथेच आपण टाकायचं. पुढे तोही मारला जातो.

(पडद्यावर: वासूचं घर.)

आणि हे वासूचं घर. मल्ली इथे विद्यार्थिनी म्हणून उतरलीये. म्हातारा बोलका, शेतकरी गडी. आतल्या खोलीत त्याची बायको, सात वर्षं कोमात, डोळे उघडे. म्हातारा मल्लीला जेवायला वाढतो, गप्पा मारतो. तिच्या बेताचा त्याला पत्ता नाही. इथे कुणी भाषण देत नाही, नैतिकतेचा धडा तर नाहीच. मल्ली फक्त जेवते आहे. तिचे डोळे बघा.

आणि इथेच तिला कळतं, की तिला दिवस गेलेत. म्हणजे आता कपाळं दोन झाली.

मल्ली झालेली आयेशा धारकर मूळची मुंबईची. संवाद मोजके, बाकी सगळा भार श्वासावर आणि डोळ्यांवर. कैरोच्या चित्रपट महोत्सवात हा सिनेमा बघून हॉलीवूडचे अभिनेते जॉन माल्कोविच इतके भारावले, की अमेरिकेत तो त्यांच्या नावाने सादर झाला. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या ‘दिल से’चा कॅमेराही सिवन यांचाच. तिथेही बॉम्ब बांधलेली मुलगी आहे. पण तिथे मिठी आहे आणि स्फोटही.

राजीव गांधी हत्येच्या खऱ्या खटल्याचं सांगायचं तर, १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने खुनाचा कट मान्य केला, टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचं दहशतवादी कृत्य मात्र मानलं नाही. २६ आरोपींपैकी १९ जण सुटले. त्या रात्री मेलेल्या बाकीच्यांची नावं सहसा कुणी घेत नाही.

(पडद्यावर: शेवटचा दिवस. हार. गर्दी.)

हार हातात आहे. ठरल्याप्रमाणे सगळं चाललंय, तालमीत घोटलं होतं तसंच. बोट बटणापाशी.

इथून पुढे निवेदन नाही. आवाज सिनेमाचाच ठेवलाय.