लाइनवरच्या माणसाला कुणी शिकवायचं?

(दृश्य : औषध कारखान्याचं स्टोअर. निळ्या पिंपावर ‘अंडर टेस्ट’ची पिवळी चिठ्ठी.)

या पिंपात प्रॉपिलीन ग्लायकॉल आहे. खोकल्याच्या सिरपमध्ये औषध नीट विरघळावं म्हणून ते वापरतात. पिवळी चिठ्ठी म्हणजे तपासणी अजून बाकी आहे. क्यूसीचा, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाचा, अहवाल आला आणि हिरवी चिठ्ठी लागली, की मगच पिंप डिस्पेन्सिंगला, म्हणजे बॅचसाठी मोजून द्यायला, जाईल. स्टोअरमधल्या माणसाला हा नियम पाठ आहे. पिवळ्या चिठ्ठीला हात लावायचा नाही.

का लावायचा नाही, हे त्याला कुणी सांगितलं आहे का?

१९८६ सालच्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या १४ रुग्णांचा मृत्यू झाला. ते ग्लिसरीन औद्योगिक दर्जाचं होतं आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं. हे रसायन पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी होतात. दिसायला तेही ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखंच, रंगहीन आणि दाट; नुसतं बघून फरक कळत नाही. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली, तेव्हा दोष पुरवठादाराशी थांबला नाही. रुग्णालय, औषध प्रशासन, थेट मंत्र्यांपर्यंत तो पोहोचला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुलं सिरपमधल्या याच रसायनाने दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं.

फार्माकोपियात, म्हणजे औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथात, प्रॉपिलीन ग्लायकॉलमधल्या या रसायनाची मर्यादा आहे ०.१० टक्के. पिवळी चिठ्ठी हिरवी होते ती या आकड्याची खात्री झाल्यावर.

हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस रात्रपाळीत, बॅच अडली असताना, ‘घे रे पिंप, रिपोर्ट येईल सकाळी’ असं कुणी म्हटलं तर जागचा हलणार नाही. ज्याला फक्त नियम पाठ आहे, त्याच्याबद्दल अशी खात्री देता येत नाही.

(दृश्य : कलिना, सांताक्रूझ पूर्व. कॉलेजचं फाटक, आत जाणारे विद्यार्थी.)

कारखान्याच्या माणसाला शिकवायचं कुणी, हा प्रश्न जुना आहे. १९३० च्या सुमारास बाजारातली औषधं भेसळीची आहेत, हे चोप्रा समितीने सरकारपुढे मांडलं. बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांनी औषधनिर्माणशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू केला आणि १९३९ मध्ये तिथेच एका व्यावसायिक संघटनेची पायाभरणी झाली. तीच पुढे इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन झाली. औषधांचा कायदा त्यानंतर, १९४० मध्ये आला.

आज या असोसिएशनचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे. राज्याराज्यांत शाखा, काही शहरांत स्थानिक शाखा. महाराष्ट्र राज्य शाखेने १९५७ मध्ये जे केलं ते आजही थक्क करतं. शाखेने स्वतःचं महाविद्यालय काढलं, बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी. तेव्हा मुंबईत औषध कारखाने वाढत होते, पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि कारखाने चालवायला शिकलेली माणसं हवी होती. व्यावसायिकांच्या एका शाखेने ती घडवण्याची जबाबदारी अंगावर घेतली. व्याख्यानं आणि स्नेहमेळावे घेऊनही शाखा चालली असती, कुणी नावं ठेवली नसती.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, कारण कामगारांचा इथे नेहमी गोंधळ होतो. ही असोसिएशन युनियन नाही. पगारवाढ, बोनस, कायम नोकरी यांची बोलणी ती करत नाही. ही मालकांचीही संघटना नाही; त्यासाठी इंडियन ड्रग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन आहे. मोठ्या कंपन्यांची इंडियन फार्मास्युटिकल अलायन्स वेगळी, आद्याक्षरं तेवढी सारखी. आपण बोलतो आहोत ती व्यवसायाची संघटना आहे. कारखान्यातले केमिस्ट, कॉलेजचे प्राध्यापक, रुग्णालयातले आणि दुकानातले फार्मासिस्ट, औषध प्रशासनातली माणसं, असे सगळे तिचे सदस्य असतात.

(दृश्य : टॅब्लेट विभाग. गोळ्या दाबणाऱ्या कॉम्प्रेशन मशीनची चकती फिरते आहे. कानात इअरप्लग, तोंडावर मास्क, फक्त डोळे दिसतात.)

हा विभाग आवाजाचा आहे. बोलणं हातवाऱ्यांनी चालतं. ऑपरेटर दर ठरावीक वेळाने गोळ्या काढतो, वजन घेतो, कडकपणा बघतो, बीएमआरमध्ये, म्हणजे बॅचच्या नोंदवहीत, नोंद करतो, सही करतो. मध्येच गोळीचा वरचा पापुद्रा सुटायला लागतो. याला सगळे कॅपिंग म्हणतात. मशीनचा वेग जास्त असेल, ग्रॅन्यूल, म्हणजे गोळीच्या मालाचे दाणे, फार कोरडे झाले असतील, भुकटी जास्त असेल, हवा अडकत असेल. अनुभवी ऑपरेटर हाताला ग्रॅन्यूल लागताच सांगतो की आज एफबीडीमध्ये, म्हणजे वाळवणाऱ्या यंत्रात, माल जास्त वाळला आहे.

हे ज्ञान त्याच्या हातात आहे. पुस्तकातलं ज्ञान दुसऱ्या कुणाकडे आहे. दोघं एका खोलीत क्वचितच येतात.

एक उदाहरण बघा. गोळ्या दाबण्याआधी मिश्रणात मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात, माल दाबणाऱ्या पंचला चिकटू नये म्हणून. ब्लेंडर ठरलेली मिनिटंच फिरवायचा, असं एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, लिहिलेलं असतं. नव्या माणसाला वाटतं, आणखी पाच मिनिटं फिरवलं तर मिश्रण जास्तच चांगलं होईल. पण मॅग्नेशियम स्टिअरेट पाण्याला दूर ठेवतं. जास्त फिरवलं की त्याचा थर प्रत्येक कणावर बसतो. गोळी दिसायला सुरेख होते आणि रुग्णाच्या पोटात उशिरा विरघळते. ऑपरेटरला कामातली ही दुसरी बाजू दिसतच नाही, कारण डिसोल्यूशनची, म्हणजे गोळी किती वेळात विरघळते याची, चाचणी लॅबमध्ये होते आणि रुग्ण त्याहून कितीतरी लांब असतो.

दाराचंही तसंच. क्यूबिकलचं, म्हणजे यंत्राच्या खोलीचं, दार उघडं ठेवू नये, हा नियम सगळ्यांना ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. ट्रॉली ने-आण करताना मात्र दाराला काहीतरी लावून ते उघडं ठेवण्याचा मोह होतोच. कॉरिडॉरमधला हवेचा दाब खोलीपेक्षा साधारण १० ते १५ पास्कलने जास्त राखलेला असतो, म्हणजे या खोलीतल्या औषधाची धूळ शेजारच्या खोलीतल्या औषधात जात नाही. दार उघडं राहिलं की हा फरक संपतो. रक्तदाबाच्या गोळीचा कण मधुमेहाच्या गोळीत गेला तर ती गोळी कोण खाणार आहे, हे एकदा ऐकलेला माणूस दाराला पाचर लावत नाही.

कारखान्यात प्रशिक्षण होत नाही, असं म्हणणं चूक ठरेल. होतं. एसओपी वाचून दाखवतात, प्रश्नपत्रिका सोडवून घेतात, प्रशिक्षणाच्या नोंदीवर सही घेतात. ऑडिट जवळ आलं की सह्यांचा वेग वाढतो. शिकवणारा माणूस त्याच कंपनीचा, बहुतेक वेळा वरिष्ठ असतो. त्याच्यासमोर ‘मला हे समजलं नाही’ म्हणायला धीर लागतो. आणि ‘मागच्या आठवड्यात माझ्याकडून माल सांडला होता, मी लिहिलं नाही’ हे म्हणायला त्याहून जास्त.

(दृश्य : सभागृह. खुर्च्यांत वेगवेगळ्या वयाची माणसं, फळ्यावर टॅब्लेटची आकृती.)

व्यावसायिक संघटनेच्या शाखेचं खरं बळ इथे, तिच्या सभागृहात, आहे. समोर बसलेला माणूस तुमचा साहेब नाही. शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या कंपनीचा केमिस्ट आहे. फॉर्म्युला कुणी कुणाला सांगत नाही आणि सांगूही नये. पण कॅपिंग सगळ्यांकडे होतं, स्टिकिंग, म्हणजे माल पंचला चिकटणं, सगळ्यांकडे होतं, डीव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपेक्षा वेगळं घडलेलं, लिहायची भीती सगळ्यांनाच वाटते. चार कारखान्यांतली माणसं एकत्र बसली की कळतं, ही आपल्या एकट्याची चूक नव्हती. यंत्राची, पद्धतीची, कधी कधी घाईने लिहिलेल्या एसओपीची होती.

भीतीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे निरीक्षक तपासणीत आढळलेल्या त्रुटी फॉर्म ४८३ वर लिहून देतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतीय कारखान्यांना मिळालेल्या अशा फॉर्मांत पुन्हा पुन्हा आलेला विषय म्हणजे डेटा इंटिग्रिटी, नोंदींचा खरेपणा. नोंद मागाहून केली, फाडली, पुन्हा लिहिली. बाहेरून बघताना ही लबाडी वाटते. काही ठिकाणी ती असतेही. पण बऱ्याचदा ते पान एका घाबरलेल्या माणसाने फाडलेलं असतं. वजन चुकलं, खाडाखोड झाली, आता मेमो मिळेल, म्हणून पान बदललं. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, कारण, सही, तारीख टाकायची. झालं. ती खाडाखोड प्रामाणिक नोंद ठरते आणि स्वच्छ नवं पान गुन्हा ठरतो. हे कंपनीबाहेरच्या ज्येष्ठ माणसाने, स्वतःच्या उमेदवारीतल्या गोष्टी सांगत समजावलं, की ते मनात उतरतं.

त्याच ज्येष्ठ मंडळींचा आणखी एक उपयोग होतो. बी.एस्सी. केमिस्ट्री करून बीड-जालन्याकडून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आलेला मुलगा काही वर्षांनी एफडीए अप्रूव्हलची, म्हणजे राज्याच्या औषध प्रशासनाकडून तांत्रिक व्यक्ती म्हणून मान्यतेची, स्वप्नं बघायला लागतो. औषधांच्या नियमावलीनुसार उत्पादन सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. फार्मसीच्या पदवीधराला त्यासाठी १८ महिन्यांचा उत्पादनाचा अनुभव पुरतो, रसायनशास्त्राच्या पदवीधराला ३ वर्षांचा लागतो. अप्रूव्हल मिळालं की पगार, मान, पुढची नोकरी, सगळंच बदलतं. त्यासाठी फक्त आपल्या विभागाचं काम येऊन भागत नाही. कायदा कळावा लागतो. घरात कुणी या क्षेत्रात नसलेल्या मुलाला ही वाट दाखवणारा माणूस अशाच सभागृहात भेटतो.

आणि तिथे निरीक्षकही भेटतो. इंडियन फार्मास्युटिकल काँग्रेस हे देशातलं मोठं अधिवेशन पाच संघटना मिळून भरवतात. त्यांतली एक आपली असोसिएशन आणि एक औषध नियंत्रण अधिकाऱ्यांची. पहिलं अधिवेशन १९४८ मध्ये कलकत्त्याला झालं, ७२ वं जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला. कारखान्याच्या फाटकातून आत येताना ज्याला बघून छातीत धडधडतं, तो अधिकारी तिथे शेजारी बसून चहा पीत असतो आणि त्याला विचारता येतं, ‘साहेब, हे कलम तुम्ही कसं वाचता?’

(दृश्य : व्हायल तपासणीचं टेबल. एक बाजू पांढरी, एक काळी. महिला कामगार व्हायल उलटी करून प्रकाशात धरते.)

आता कौतुक थांबवून एक उणीव सांगतो, कारण मला ती फार लागते.

या टेबलावर बसलेली बाई काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा कण शोधते, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा. डोळे शिणतात म्हणून ठरावीक वेळाने विश्रांती, ठरावीक काळाने डोळ्यांची तपासणी. इंजेक्शन रुग्णाच्या शिरेत जाण्याआधी कारखान्यातली तिची नजर शेवटच्या काही नजरांपैकी एक. ती बहुधा ठेकेदाराकडून आलेली असते. ती या सभागृहात नसते. पॅकिंगवाल्या मुली नसतात, वॉशिंगमधला पोरगा नसतो. सदस्यत्व पदवी-पदविकाधारकांपर्यंत थांबतं, व्याख्यानं बरीचशी इंग्रजीत होतात, आणि बोईसर, सिन्नर, कुरकुंभ, लोटे, महाड इथून मुंबई गाठायची म्हणजे एक खाडा. औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुटी सगळीकडे रविवारीच असते असंही नाही.

आणि नेमकी आत्ताच या कामगारांना शिकवण्याची गरज वाढली आहे. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध उत्पादनाच्या चांगल्या पद्धतींची सरकारी नियमावली, डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने आलं. गुणवत्ता प्रणाली, जोखमीचं व्यवस्थापन, उत्पादनाचा वार्षिक आढावा, संगणकीय प्रणालींची पडताळणी, असं बरंच काही आता सक्तीचं झालं. २५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या ज्या कारखान्यांनी वेळेत अर्ज केले, त्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती. आता तीही संपली. मोठ्या कंपन्यांकडे प्रशिक्षणाचा स्वतंत्र विभाग असतो. छोट्या कारखान्यात क्यूएचा, म्हणजे गुणवत्तेची हमी बघणारा, एकच माणूस सगळे कागद सांभाळतो आणि लाइनवरच्या बारा-पंधरा जणांना शिकवायला त्याच्याकडे वेळ उरत नाही.

त्या बारा-पंधरा जणांपर्यंत शाखेने जायला हवं, असं माझं ठाम मत आहे. मराठीत बोलायला हवं. ‘क्रॉस कंटॅमिनेशन’ला, म्हणजे एका औषधाचे कण दुसऱ्यात मिसळण्याला, प्रतिशब्द शोधत बसायची गरज नाही, तो शब्द त्यांचा रोजचा आहे, त्यामागची गोष्ट मराठीत हवी. पेनिसिलीन गटाची औषधं वेगळ्या इमारतीत का बनवतात, हार्मोनची धूळ अंगावर आली तर काय होतं, जुलाब किंवा हाताला जखम असताना कामावर सांगायचं का आणि सांगितलं तर खाडा का कापू नये, हेही बोलायला हवं. यातला शेवटचा प्रश्न मालकांना विचारण्याचा आहे, आणि व्यवसायाची संघटना तो कामगारापेक्षा जास्त निर्धास्तपणे विचारू शकते.

(दृश्य : एमआयडीसीतला रस्ता. शिफ्ट सुटते आहे, फाटकाबाहेर दुचाकी.)

दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात असोसिएशन राष्ट्रीय औषधनिर्माण सप्ताह साजरा करते. कॉलेजांत भित्तिपत्रकं लागतात, विद्यार्थी फेऱ्या काढतात, आरोग्य शिबिरं होतात. त्या सात दिवसांतला एक दिवस एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या सभागृहात घ्या. पहिली आणि दुसरी पाळी बदलते त्या वेळेला धरून दोन सत्रं ठेवा, म्हणजे कुणाचा खाडा होणार नाही. प्रवेश ओळखपत्रावर ठेवा, ठेकेदाराचं असलं तरी चालेल. व्यासपीठावर एक प्राध्यापक बसवा, एक निवृत्त निरीक्षक, आणि त्यांच्या जोडीला वीस-पंचवीस वर्षं कॉम्प्रेशन चालवलेला एक ऑपरेटर. माईक आधी त्याच्या हातात द्या.